नेहमीचीच बास्केट

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट साफ सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. मी रिंग नाही. मी जाळीही नाही. मी रिंगच्या मागची फळी आहे. जुनी, लाकडाची, एका बूट कारखान्याच्या क्रीडागृहातली. बास्केटबॉलचा सामना बघून आलेल्या माणसाला विचारा, काय काय बघितलंत? तो बॉल सांगेल, रिंग सांगेल, जाळीचा सर्रकन आलेला आवाज तोंडाने काढून दाखवेल. माझं नाव काही त्याच्या तोंडून निघायचं नाही. अहो, ज्या रिंगचं एवढं कौतुक करता, ती अडकवलीय कुणाला? मलाच ना! तुम्ही म्हणाल, म्हातारी तोंड उघडल्याबरोबर कुरकुरायला लागली. पण मी कुरकुरणारी नाही, मी अभिमानी आहे. कशाचा अभिमान, तेच आज सांगणार आहे.

आमचं क्रीडागृह म्हणजे मुळात रिकामी खोकी ठेवायचं गोदाम. ते मोकळं झालं तेव्हा कामगारांनी मागून घेतलं, जमिनीवर पट्टे आखले आणि त्याचं मैदान केलं. बाहेरून मागवलेल्या दोन फळ्या मात्र वाटेतच चिरल्या. मग खोकी बनवणाऱ्या सुताराला बोलावण्यात आलं. त्या गृहस्थाने जन्मात बास्केटबॉल पाहिला नव्हता.

"ही फळी कशासाठी पाहिजे?" त्याने विचारलं.

"बॉल आदळायला."

"म्हणजे, मुद्दाम आदळणार?"

"हो, मुद्दाम."

जगात काय काय लोक असतात, असा चेहरा करून सुतार कामाला लागला. सहा लाकडी पट्ट्या त्याने एकमेकींच्या खाचेत अशा बसवल्या, की मधून कागदही सरकू नये. रंधा मारून झाल्यावर बोटांच्या पेरांनी त्याने मला इंचाइंचावर ठोकून पाहिलं. एका कोपऱ्यात आवाज किंचित पोकळ आला, तर मला उलटी करून तो कोपरा त्याने पुन्हा नव्याने बसवला. "कुठेही मारा, आवाज एकच आला पाहिजे," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्यावर पांढरा रंग चढला, मधोमध काळा चौकोन आला आणि मी भिंतीवर गेले. माझी जुळी बहीण समोरच्या टोकाला, दाराच्या वर लागली. दारातून सारखी ये-जा असल्यामुळे सराव मात्र कायम माझ्याकडेच व्हायचा. बहिणीला त्याचा राग होता. असो, तो घरगुती मामला आहे.

पहिली काही वर्षं यथातथाच गेली. कारखान्यातल्या बायकांचा संघ होता, पण त्या खेळायच्या कमी आणि हसायच्या जास्त. बॉल माझ्यावर कुठेही आपटायचा, कधी तर मागच्या भिंतीवर. मग एके दिवशी दुपारच्या सुट्टीत एक उंच, सावळी मुलगी एकटीच आत आली. तिने बॉल उचलला, माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलं. रिंगकडे नाही हं, माझ्याकडे! इतक्या वर्षांत असं कुणी बघितलं नव्हतं. मी तर लाजलेच.

ती जोडणी विभागात कामाला होती. तिथे एका पट्ट्यावरून डावे बूट येतात आणि दुसऱ्यावरून उजवे. चामड्याचा रंग, शिवण, टाचेची उंची, सगळं नजरेने जुळवायचं आणि खऱ्या जोडीला जोडी लावून खोक्यात घालायची. दिवसाला सातशे जोड्या तिच्या हाताखालून जायच्या आणि तिच्या नावावर एकही तक्रार परत आलेली नव्हती. सगळे तिला जोडीवालीच म्हणायचे.

तर जोडीवाली माझ्या उजव्या बाजूला, रिंगपासून चार पावलांवर तिरकी उभी राहिली. बॉल सोडला. चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यापाशी ठक् आणि तिथून थेट जाळीत. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. पन्नास झाले तेव्हा ती डाव्या बाजूला गेली आणि तिथूनही पन्नास टाकले. क्रीडागृह झाडणाऱ्या मावशी झाडू टेकून बघत होत्या.

"अगं, एका बाजूने जमतंय ना झकास? मग दुसरीकडे कशाला जातेस?"

"डावं-उजवं सारखं पाहिजे, मावशी. नाहीतर जोडी कशी लागणार?"

तेव्हापासून चौदा वर्षं, कामाच्या प्रत्येक दिवशी, दुपारच्या सुट्टीत पन्नास उजवीकडून आणि पन्नास डावीकडून. मग मावशींशेजारी बाकावर बसून डबा खायचा आणि भोंगा व्हायच्या आत परत कामावर. सणसणीत ताप असताना एकदा आली नव्हती, तेवढाच काय तो खाडा.

दुसऱ्या वर्षी विक्री विभागातून आणखी एक मुलगी संघात आली. तिचं नाव पहिल्याच दिवशी पडलं, भिंगरी. बॉल हातात आला की गिरकी घेतल्याशिवाय तिला चैनच पडायची नाही. पाठीमागून बॉल द्यायची, डोळे मिटून टाकायची, बास्केट झाली की दोन्ही हात पसरून प्रेक्षकांकडे धावायची. पोर गोड होती, खोटं कशाला बोलू! दिलदार, हसरी, सगळ्यांच्या गळ्यात गळा घालणारी. फक्त माझ्याशी तिचं जमलं नाही. "फळीला लावून टाकायचं म्हणजे कठडा धरून जिना चढायचा," ती सगळ्यांना ऐकवायची. "मी नाही बाई कधी फळीला बॉल लावत!" आणि खरंच नाही लावायची. एक तर थेट जाळीत, नाहीतर थेट बाहेर.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. पॅकिंगचे मुकादम हे आमच्या क्लबचे सचिव. सामन्यांत माइक त्यांच्याच हातात असायचा, म्हणून ते माइकवाले काका. भिंतीला कारखान्याची जुनी पितळी घंटा होती. सामना संपला की काका विचारायचे, "आजची बास्केट कुठली?" लोक ओरडून सांगायचे, काका तिचं साग्रसंगीत वर्णन करायचे आणि जिने ती टाकली असेल ती येऊन घंटा वाजवायची. घंटेचा मान म्हणजे आमच्याकडे सगळ्यांत मोठा मान. जिची घंटा वाजली, तिचं नाव दुसऱ्या दिवशी कारखानाभर.

चौदा वर्षांत जोडीवालीची घंटा एकदाही वाजली नाही.

कुणी तिचा दुस्वास करत होतं असं नाही हो. पण काका सांगणार काय? "बॉल फळीला लागला आणि रिंगमध्ये गेला." झालं, संपलं वर्णन! कालही तेच आणि परवाही तेच. भिंगरीची बास्केट म्हणजे गोष्ट असायची. ती पडायची, उठायची, तिघींना चकवायची, लोकांचा जीव टांगणीला लागायचा. जोडीवाली पडायचीच नाही. बॉल जिथे येणार, तिथे ती आधीच उभी असायची, त्यामुळे लोकांना वाटायचं की बॉलच शहाणा आहे, बरोबर हिच्याकडे जातो. बास्केट टाकली की ती वळून मागे पळत सुटायची. टाळी वाजवायला लोक हात उचलायचे तोवर ती अर्धं मैदान ओलांडून गेलेली असायची. मग ते हात तसेच खाली यायचे.

एका वर्षीची अंतिम लढत अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. समोर छापखान्याचा संघ होता, दांडगा. भिंगरीने त्या दिवशी अर्ध्या मैदानावरून बॉल भिरकावला आणि तो चक्क आत गेला. छत उडेल असा गलका झाला. त्या एका बास्केटचे तीन गुण. जोडीवालीचे त्या दिवशी सव्वीस होते, सव्वीस! शिवाय माझ्यावरून परत आलेले सतरा बॉल तिने एकटीने झेलले. तुम्ही म्हणाल, हिला कसं माहीत? अहो, मी मोजत होते. मला दुसरं काम काय होतं?

घंटा भिंगरीने वाजवली. जोडीवाली टाळ्या वाजवत उभी होती, मनापासून. छापखान्याच्या संघाची प्रशिक्षक बाई मात्र हात मिळवताना काकांना म्हणाली, "तुमची ती घंटावाली तुम्हालाच राहू द्या. ती फळीजवळची आम्हाला द्या, मग बघू करंडक कुणाकडे जातो ते." काका खो खो हसले. त्यांना वाटलं बाई गंमत करतेय. माझ्या मते त्या दिवशी त्या इमारतीत खेळ कळणारं माणूस ते एकच होतं. मला धरून दोन.

करंडक एकदा आला तो येतच राहिला. सलग अकरा वर्षं! आणि जिंकायला लागलं की माणसं किती भोळी होतात ते मी वरून बघितलंय. पहिल्या विजयाच्या वर्षी फळ्यांना रंग लावायचा राहून गेला होता. झालं, क्लबात ठरलं की रंग न लावणं शुभ आहे. जिंकतोय तोवर फळीला ब्रश लावायचा नाही. माझा पांढरा रंग आधी पिवळा पडला, मग पोपडे धरले. जाळी दर वर्षी नवी कोरी यायची, रिंगला नारिंगी रंग मिळायचा आणि मी मधोमध अशी कळकट. पाहुणे संघ नाक मुरडायचे. मी मान ताठ ठेवून लटकत राहिले. कारण माझ्या अंगावर दोन जागी काय होत चाललंय ते फक्त मला माहीत होतं.

मग जोडीवालीचा गुडघा गेला. मोठं काही झालं नाही, ती कोसळली नाही, तिला उचलून न्यावं लागलं नाही. गुडघा हळूहळू सुजत गेला आणि एका हंगामाच्या शेवटी तिने काकांना सांगितलं, "काका, पुढच्या वर्षी मला धरू नका." काका म्हणाले, "बरं बरं, तब्येतीला जप." एवढाच तो निरोप समारंभ! तिचा चौदा नंबरचा टी-शर्ट कपाटात गेला. तिथून तो जमीन पुसायच्या कपड्यांत गेला असता. मावशींनी तो गुपचूप घरी नेऊन ठेवला.

पुढच्या वर्षी भिंगरी नेहमीपेक्षाही सुंदर खेळली. अंतिम सामन्यात तिने तीन अशा बास्केट टाकल्या, की लोक बाकांवर उभे राहिले. आणि आमचा संघ एकोणीस गुणांनी हरला.

आता तुम्हीच सांगा, यातून शहाण्या माणसाने काय समजावं? पण काकांनी आणि मंडळींनी डोकं लावलं आणि निष्कर्ष काढला. काय, माहितीय? फळीचा गुण संपला! "अकरा वर्षं झाली हो, किती दिवस पुरणार? आता रंग लावायला पाहिजे." अस्सा संताप आला मला! पाच जणींतली एक कमी झाली ते दिसलं नाही, आणि खापर फोडलं कुणावर, तर माझ्यावर!

त्याच सुमारास क्लबाने ठरवलं की कामगारांच्या मुलींचा नवा संघ काढायचा. तीस पोरींनी नावं दिली. त्यांना शिकवायला रोज संध्याकाळी कुणीतरी हवं होतं. काकांच्या यादीत एकच नाव होतं, भिंगरीचं. ते पक्कं करायला क्लबाची बैठक शनिवारी चारला ठरली आणि रंगाऱ्यालाही शनिवारचाच दिवस दिला गेला.

शुक्रवारी दुपारी जोडीवाली आली. गुडघ्यामुळे आता शंभर जमायचे नाहीत. उभ्याउभ्या दहा उजवीकडून आणि दहा डावीकडून टाकून ती मावशींशेजारी बसली. डब्याचं झाकण उघडून तसंच धरून राहिली.

"काय गं, जेवत का नाहीस?"

"मावशी, त्या पोरींना शिकवायला मला फार आवडलं असतं," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिला स्वतःसाठी काही हवंय, असं मी पहिल्यांदा ऐकलं. "खेळणं संपलं त्याचं एवढं वाटलं नाही. पण हे जे हातात आहे ते कुणाला देताच आलं नाही, तर ते माझ्याबरोबरच जाईल."

"मग जा की, काकांना सांग."

"काय सांगू? मी चांगली खेळायचे म्हणून? आपणच आपली पाठ थोपटून घ्यायची? त्यांना आठवत असतं तर त्यांनीच विचारलं असतं."

मावशींनी आपल्या डब्यातली भाजी तिच्या डब्यात वाढली. मला मात्र आतून भरून आलं. मला तोंड असतं ना, तर त्याच क्षणी काकांच्या माइकमध्ये ओरडले असते. पण मी पडले फळी. मला बोलायचं असेल तर कुणीतरी माझ्याजवळ यायला हवं. अकरा वर्षांत शिडी लावून कुणी माझ्याजवळ आलंच नव्हतं. रिंग रंगवायला आणि जाळी बदलायला यायचे, तेही खालून लांब काठीने काम उरकायचे.

शनिवारी दुपारी रंगारी आला. बारकासा, चष्मा लावलेला, बोलका माणूस. खाली काका कागद घेऊन बसले होते, भिंगरीही आली होती आणि मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. जोडीवाली कामावर होती. रंगारी शिडी चढला, पोपडे खरवडायला लागला आणि मधेच थांबला. चष्मा कपाळावर चढवून त्याने माझ्या अंगावरून तळहात फिरवला.

"अहो सचिवसाहेब, इथे तर लाकूड उघडं पडलंय!"

"कुठे?"

"चौकोनाच्या वर, उजव्या कोपऱ्याला. तळहाताएवढी जागा. रंग नाहीच, लाकूडही खोलगट झालंय, बोट बुडतंय बघा. एवढं कशाने झिजलं?"

"खेळून, दुसरं काय!" काका कागदातून मान वर न करता म्हणाले. "अकरा करंडक काय उगीच आलेत? आमच्या भिंगरीचे हात लागलेत त्याला!"

भिंगरी हसली. मग तिचं हसू अर्ध्यावरच थांबलं. "काका, माझा बॉल कधी फळीला लागलाय?"

"म्हणजे?"

"मी आयुष्यभर सांगत आले ना, मी फळीला बॉल लावत नाही म्हणून. तुम्हीच माइकवरून सांगायचात, आली पाहा भिंगरी, फळीला न शिवता! मग हे माझ्यामुळे कसं झिजेल?"

काकांनी कागद खाली ठेवला. वर रंगाऱ्याचं खरवडणं चालूच होतं. "बाकी सगळीकडे पण बॉलचे डाग आहेत, पण ते विखुरलेले. आणि... थांबा. अहो, डावीकडेही तसंच आहे!" त्याने खिशातली टेप काढली, इकडे लावली, तिकडे लावली. "कमालच झाली. दोन्ही एकाच उंचीवर. दोन्ही एकाच मापाचे. चौकोनापासूनचं अंतरही तेवढंच. कंपासने आखल्यासारखे आहेत. तीस वर्षं रंग मारतोय, पण झिजलेल्या जागांची अशी जोडी कधी पाहिली नाही!"

जोडी. रंगाऱ्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, पण खाली तिघांनीही माना वर केल्या. मावशींनी बादली खाली ठेवली.

"रोज पन्नास इकडून, पन्नास तिकडून," मावशी म्हणाल्या. "चौदा वर्षं. मी काय सांगणार, मी झाडणारी बाई. मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल."

भिंगरी शिडीपाशी गेली. रंगाऱ्याला खाली यायला सांगून ती स्वतः वर आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा माझ्याजवळ आली होती. तिने उजवीकडच्या खोलगट जागेत तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. "काका," ती वरूनच म्हणाली, "मी टाकलेली चुकायची ना, तेव्हा परत आलेला बॉल नेहमी आपल्याकडेच असायचा. मला वाटायचं, आपलं नशीबच चांगलं. आणि गेल्या वर्षी माझ्या चुकलेल्या सगळ्या बास्केट समोरच्या संघाच्या हातात गेल्या. तुम्ही फळीला दोष देत होतात. आपल्याला कुणालाच कळलं नाही हो, मलासुद्धा नाही." तिच्याबद्दल मनात जे काय होतं, ते मी त्याच क्षणी सोडून दिलं.

मावशी जाऊन जोडीवालीला बोलावून घेऊन आल्या. ती कामाच्या निळ्या एप्रनमध्येच आली, बोटांना चामड्याचा वास, कपाळावर आठी. "काय झालं? फळी पडली का?" तिने आधी माझ्याकडेच बघितलं.

"काही झालं नाही," भिंगरीने तिच्या हातात बॉल दिला. "एक टाक ना. रंग लागायच्या आधी."

"आत्ता? पट्टा चालू आहे माझा."

"एकच."

जोडीवालीने हात एप्रनला पुसले. उजवीकडे चार पावलांवर जाऊन, दुखरा गुडघा जपत तिरकी उभी राहिली. उडी नाही, गिरकी नाही. ठक्. बॉल तिच्या जागी लागला आणि जाळीत उतरला. ती सवयीने वळली सुद्धा, परत निघाली.

आणि मागे घंटा वाजली.

काका स्वतः दोरी ओढत होते. एकदा, दोनदा, तीनदा. जोडीवाली गोंधळून थांबली. "काका, घंटा कशाला? नेहमीचीच तर होती!"

"नेहमीचीच होती, म्हणून," काका म्हणाले. माइकशिवाय त्यांचा आवाज किती लहान आहे ते मला त्या दिवशी कळलं. "चौदा वर्षं उशीर झाला, पोरी. वर्णन मात्र मला अजूनही जमत नाही."

भिंगरीने टेबलावरचा कागद उचलून त्यावरचं स्वतःचं नाव खोडलं. "पोरींना गिरक्या मी शिकवीन, रविवारी. रोजचं हिला द्या. घेशील ना गं?"

एरवी जोडीवाली "बघू" म्हणाली असती, जमिनीकडे बघत. या वेळी तिने मान वर केली. "हो," ती म्हणाली. "मला पाहिजेच होतं. सोमवारपासून येते."

आता काकांना तर उत्साहाचं भरतं आलं. रंगाऱ्याला म्हणाले, या दोन जागांना हात लावायचा नाही, त्यांच्याभोवती सोनेरी चौकट काढा, खाली नाव लिहा, तारीख लिहा! रंगारी ब्रश घेऊन तयारच होता. खरं सांगू? मलाही ते हवंहवंसं वाटलं. सोनेरी चौकट, आणि ती माझ्या अंगावर!

"नको, भरून टाका," जोडीवाली म्हणाली. "खोलगट जागेवरून बॉल वाकडा उठतो. शेवटची दोन वर्षं मी बोटभर वर मारत होते. पोरींना कशाला तो ताप?"

रंगाऱ्याने उचललेला ब्रश खाली घेतला. दोन वर्षं ती स्वतःच्याच मेहनतीने पडलेल्या खड्ड्याला चुकवून खेळत होती, आणि एकही बास्केट चुकली नाही म्हणून ते कुणाला कळलंच नव्हतं. मला तरी कळलं कुठे? मलाही वाटायचं, हिचा नेम हल्ली जरा वर जातोय, वय झालं असेल. माझीही चूक झाली, मित्रांनो. जी तिला सगळ्यांत जवळून बघत होती, तीसुद्धा चुकली.

रंगाऱ्याने पुट्टी भरली, घासून सपाट केली आणि मला नवा पांढरा रंग दिला. तेव्हापासून संध्याकाळी माझ्याखाली तीस पोरी असतात. जोडीवाली शिट्टीही फुंकत नाही, नुसतं "पुन्हा" म्हणते आणि त्या पुन्हा टाकतात. पन्नास इकडून, पन्नास तिकडून. रविवारी भिंगरी येते तेव्हा किंचाळ्यांनी छप्पर दणाणतं, आणि तेही मला हल्ली आवडतं. सामना संपला की आता घंटा दोनदा वाजते, एकदा आजच्या बास्केटसाठी आणि एकदा नेहमीच्या बास्केटसाठी.

मित्रांनो, गिरकीला टाळी जरूर वाजवा. ती बघून मन नाचतं, त्यात काही चूक नाही. पण तुमच्या वर्गात, घरात, तुमच्या संघात कुणीतरी असं असेल, जे रोजचं काम इतकं नेमकं करतं की ते तुम्हाला दिसेनासंच झालंय. ते माणूस आपणहून सांगणार नाही. लांबून बघून कळणारही नाही. तेव्हा शिडी लावा, जवळ जा आणि हात फिरवून बघा. आणि ते माणूस थांबायच्या आधी बघा, एकोणीस गुणांनी हरल्यावर नको.

एक शेवटचं सांगते. वरून बघाल तर मी आता सगळीकडे सारखी आहे, पांढरीशुभ्र. पण लाकडाचा आवाज वेगळा आणि पुट्टीचा वेगळा. बॉल त्या दोन जागी लागला की ठक् जरासा मऊ येतो. पोरींना कळत नाही, काकांना कळत नाही. जोडीवालीला मात्र कळतो, कारण तेव्हा ती पाठमोरी असली तरी मान हलवते. माझ्या अंगावर कुठेही मारलं तरी आवाज एकच यावा म्हणून त्या सुताराने जिवाचं रान केलं होतं. त्याला कुणी सांगू नका, पण ते दोनच वेगळे आवाज माझ्या सगळ्यांत अभिमानाचे आहेत.